तांदळातलं बोट

मंगळवार, संध्याकाळ

आज बालवाडीत बोलणी खाल्ली. शिकाऊ बाई म्हणून लागून महिना झाला, तरी ताटातल्या तांदळात तमिळ अक्षर काढताना मी छोट्या कयलचं बोट धरलंच.

"अम्मा, बोट धरायचं नाही. पोरांनी स्वतः काढायचं," रेवती मॅडम म्हणाल्या. माझ्या लेकीच्या वयाच्या! "पुन्हा दिसलं तर पास नाही करणार."

"बरं मॅडम, तुमचं धरू का?"

हसल्या, पण वहीत लिहिलंच.

लग्न होऊन इकडे तमिळ मुलखात, आवडी गावातल्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा ह्यांनी असंच ताटात तांदूळ पसरून, माझं बोट धरून तमिळ शिकवलं. गावच्या शाळेत पहिली येणारी मी, रोज तेच अक्षर चुकवायचे. मुद्दाम. ह्यांनी बोट सोडू नये म्हणून. कधी कळलं असेल का ह्यांना? विचारायचं राहूनच गेलं.

दुपारी कयलनं येत असलेलं अक्षर चुकवलं आणि गालात हसत बोट माझ्यापुढे केलं. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. तिनं जरा वाट पाहिली, मग एकटीनं काढलं. अगदी बरोबर.

लबाड! मला लगेच कळलं.

म्हणजे ह्यांनाही कळलं असणार. तरी बोट सोडलं नाही.