लांबून घेतलेलं माप

आई,

मी तुझ्यावर चिडले आहे. तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि चिडायचं कारण मला या सोमवारी कळलं, तेही एका परक्या माणसाच्या तोंडून. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तुझ्या फोटोपुढेही ठेवायचं नाही. पण कुणाशी तरी कडाकडा भांडल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नाही आणि ते भांडण तुझ्याशीच आहे. म्हणून दुकानाचं शटर अर्धं वर करून, बायका कामावर यायच्या आत लिहायला बसले आहे.

एमआयडीसीतला तुझा तो कारखाना. वर्षाला चार-पाच गाड्या, सगळ्या हाताने घडवलेल्या. आत नव्या गाडीचं इंजिन आणि एसी, बाहेरून थाट संस्थानिकांच्या काळातला: लांबलचक बॉनेट, कमानदार मडगार्ड, दाराखाली पायरी, पुढे परातीएवढे दिवे. पत्रा ठोकणारे वेगळे, लाकूडकामाचे वेगळे आणि सीट शिवणारी तू एकटी. गिऱ्हाईकं म्हणजे आंब्याचे बडे व्यापारी, हॉटेलवाले, मुंबईचे बिल्डर. एकाला दारावर स्वतःच्या नावाची पितळी अक्षरं हवीत, दुसऱ्याला छत्रीसाठी मखमली खण. एवढी हौसेची गाडी, आणि चार महिने पाऊस म्हणून ती गोठ्यातल्या म्हशीसारखी झाकून ठेवायची! मी कॉलेजातून परस्पर तुझ्याकडे यायचे तेव्हा तू गिऱ्हाइकाला लाकडी चौकटीवर बसवून मागे गुडघ्यांवर बसलेली असायचीस. माकडहाडापासून मानेपर्यंत टेप आणि कमरेच्या खळग्यात सपाट तळवा. "शीट म्हंजे बलोजच गो बाय," तू म्हणायचीस, "मानसाच्या अंगावर बसला पायजे. टेप थोडा फसवता, हात नाय फसवत." वाडीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवणारी माझी आई शेटजींच्या पाठी मापते, याचा मला केवढा तोरा होता. मैत्रिणींना मी मुद्दाम त्या रस्त्याने न्यायचे.

आणि मग ती काळी गाडी. आंब्याच्या त्या व्यापाऱ्याने ती नेली आणि महिन्याभरात परत आणली, पाठ धरते म्हणून. पाठीचा उठाव कमरेला यायचा तो दोन बोटं वर आला होता. कमरेला एक उशी देऊन मालकांनी गाडी तशीच परत पाठवली, तुला सीटवरून काढलं आणि गाड्या झाकायच्या खोळी शिवायला बसवलं. त्या संध्याकाळी तू चुलीपुढे बांगडे साफ करते आहेस, पाठमोरी. मी दारातूनच ओरडते आहे, एवढं साधं माप तुला घेता येत नाही? लोक काय म्हणतील? तू वळत नाहीस. "माप माजाच चुकला," म्हणतेस. "नको इचारू." मी नाही विचारलं. त्यानंतर सात वर्षं तू खोळी शिवल्यास, चारी बाजूंनी सरळ टीप, शिकाऊ मुलीनेही मारावी अशी, आणि मी मैत्रिणींना दुसऱ्या रस्त्याने नेऊ लागले.

सोमवारी तीच गाडी माझ्या दुकानापुढे उभी राहिली. मी कोण, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. मारुती मंदिराजवळ एक बाई सीट चांगल्या करते, एवढं ऐकून आला होता. आता साठीचा आहे, पुण्याला जाऊन आलं की दोन दिवस कंबर धरून बसतो. मी पाठीचं कातडं उसवलं. शिवण संपते तिथे आतल्या अंगाला दोन गाठी, दुसरी उलटी. तुझ्या गाठी. माझे हात थांबले, पण त्याचं तोंड चालूच. "पहिल्यापासूनच चुकलंय हो हे. कारखान्यातली बाई माप घ्यायला आली, तर मी मालकांना विचारलं, बाई कुठल्या वाडीतल्या? त्यांनी सांगितलं. मग म्हटलं, बाई, अंगाला हात नको, लांबूनच घ्या अंदाज. आमच्या मातोश्री होत्या ना तेव्हा, त्यांचं सोवळं फार कडक." आणि हसला. "तरी बरं, दोनच बोटं चुकलं!"

दोनच बोटं. आई, हातभर लांब उभी राहून, टेप हवेत धरून, तू त्या माणसाची पाठ दोन बोटांपर्यंत बरोबर आणलीस.

"ती माझी आई," मी म्हटलं. तो गडबडला. "अहो ताई, माझ्या मनात तसं काही नव्हतं. तो काळच तसा होता." कुठला काळ? वीस वर्षं झाली नाहीत. त्याच्या हातात तेव्हाही मोबाईल होता. पेशव्यांच्या वेळची गोष्ट सांगतोय जसा काही! गाडीवर जुन्या काळाचा साज चढवून घेतला आणि आत नवं इंजिन घातलं. माणसाच्या आत मात्र नवं काही बसवलं नव्हतं. मी हे सगळं तोंडावर बोलले, आवाज चढवून बोलले, रस्त्यावरचे दोघं थांबून बघायला लागले. तर तो म्हणतो, "मग आता तुम्ही घ्या ना माप. माझी काही हरकत नाही."

हरकत नाही! मी त्याला स्टुलावर बसवलं. पाठीवर टेप लावली, खळग्यात तळवा दाबून धरला, हवा त्याहून जास्त वेळ धरला. माप कागदावर लिहून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, हे चुकणार नाही, कुणाकडूनही शिवून घ्या, मी शिवणार नाही. उसवलेली सीट तशीच घेऊन तो गेला.

त्याच्यावरचा राग सोपा आहे. मालक शेजारी उभे राहून गप्प बसले, त्यांच्यावरचाही. पण तू? घरी तरी सांगायचंस. विहारात पहिल्या रांगेत बसून वंदना म्हणायचीस, मला मान वर करून चालायला शिकवायचीस, आणि स्वतः? पोरीने आपल्याला अडाणी म्हटलं तरी चालेल, पण आपल्याला कुणी हात लावू दिला नाही हे तिला कळायला नको, असंच ना? तू माझ्यासाठी केलंस हे कळतं मला, म्हणून तर जास्त चीड येते. मी तुला जे बोलले ते तू मला परत घेऊ दिलं नाहीस.

आता एकच सांगायचं राहिलंय. दुकानात नवी बाई शिकायला आली की पहिल्या दिवशी मी तिला सांगते, माप दोनदा घ्यायचं, माझ्या आईचं एकदा चुकलं आणि तिचं काम गेलं. नऊ वर्षं सांगते आहे. आत्ता तिघीजणी आहेत, तिघींना पाठ आहे. सोमवारी त्या जेवायला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा गाडी गेलेली होती. सीट का नाही केली, त्यांनी विचारलं. "मापाचं काहीतरी होतं," मी म्हटलं. आज शुक्रवार. रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. जीभ रेटत नाही.