देवकीची पोथी आणि मोठे अक्षर

॥ श्री ॥
खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२ जून २०२५

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

मे महिन्यात देवरुखला आठ दिवस राहून आले, ती तुमच्या हातची फणसाची भाजी अजून जिभेवर आहे. हे पत्र कॅलेंडरच्या सरलेल्या पानाच्या पाठीवर जाड पेनाने लिहिते आहे. तुम्हांला भिंग शोधायला नको, आणि कागदही वाया जात नाही.

मी निघताना तुम्ही जे बोललात ते मनातून जात नाही. एकतीस वर्षे श्रावणात राममंदिरात बायकांपुढे मामंजींच्या हातची देवकीची पोथी तुम्ही वाचता आणि यंदा अक्षर दिसत नाही म्हणून वाचकाची जागा सोडते म्हणालात. अहो, डॉक्टरांनी वाचन बंद करा असे कुठे सांगितले? अक्षर मोठे हवे एवढेच म्हणाले ना? मग अक्षर मोठे करू.

आमच्या सूनबाईंच्या, ऋचाच्या कपाटात पुस्तके वाचायचे यंत्र पडून होते. हौसेने घेतले आणि विसरल्या. आरतीच्या पुस्तकाएवढे आहे, मोबाइलसारखे लखलखत नाही, कागदासारखेच दिसते. तुमच्याकडे पोथीच्या एकशे बत्तीस पानांचे फोटो मी काढले होते, ते तिने एकत्र करून एक फाइल दिली. तिला पीडीएफ म्हणतात. मामंजींचे अक्षर जसेच्या तसे! आधी नमस्कार केला. पण अक्षर वाढवायला गेले तर अख्खे पानच वाढते आणि ओळीचे शेपूट पडद्याबाहेर जाते. अर्धी ओवी वाचा, पान सरकवा, पुन्हा मागे आणा. फोडणी टाकून दार उघडायला धावल्यासारखे वाटते.

ऋचा म्हणाली की आई, ही नुसती चित्रे आहेत, यंत्राला त्यात क आहे की कावळा ते कळत नाही. दुसरा प्रकार ईपबचा. त्यात अक्षर हवे तेवढे वाढवा, ओळी आपापल्या खाली उतरतात. पण त्यासाठी सगळी पोथी टाइप करावी लागेल आणि मामंजींचे हस्ताक्षर जाईल. वस्तू तुमच्या वडिलांची. तुमच्या शब्दाशिवाय मी हात लावणार नाही.

यांचा नमस्कार. लोभ असू द्यावा आणि उत्तराला आषाढ उजाडू देऊ नये.

आपली,
दमयंती


॥ श्रीराम ॥
देवरुख
१० जून २०२५

चि. सौ. दमयंतीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र भिंगाशिवाय वाचले. माझ्या ओळी डोंगर चढत असतील तर सांभाळून घे, पेन आता अंदाजाने चालते. मॅट्रिक झालेली आमची भावजय यंत्रांची पंडित कधी झाली म्हणायची!

खरे सांगू, वाचल्यावर प्रथम रागच आला. अण्णांचे अक्षर जायचे म्हणजे काय? दोन दिवस मनात नाहीच म्हणत होते. मग पोथी उघडून बसले. समास दिसतो, ओळीचा आरंभ दिसतो, मधला शब्द पुसल्यासारखा. म्हणजे माझ्यापुरते ते अक्षर गेलेलेच आहे. आणि अण्णांनी तरी काय केले होते? मठातली कसर लागलेली प्रत उतरून घेतली. त्या आधीच्या लेखकाचे वळण कुणाला आठवते? पोथी मात्र राहिली. शेवटी अण्णांनी आपले नाव घालून लिहिले आहे, नीट आहे ते मूळचे, चुकले ते माझे. तेव्हा तू उतरून घे. आंघोळ, दिवा हे तुला सांगायला नको.

इकडे कुणी म्हणते मोबाइलवर रेकॉर्ड लावू. भाजीवाली ठमाबाई, जी पहिल्या दिवसापासून खांबाला टेकून ऐकते, ती म्हणाली की रेकॉर्डला ठसका लागत नाही, मग मी पाणी आणून ठेवायचे कुणासाठी? हसले खरी, पण जीव टांगलेला आहे. जागा सोडायची नाही गं मला.

भाऊला आशीर्वाद. माया आहेच, पत्र येत राहू दे.

आशालता


॥ श्री ॥
नवीन पनवेल
१८ जुलै २०२५

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पोथी पुरी झाली. रोज पूजा आटोपली की तीन-चार पाने. ऋचाच्या जुन्या लॅपटॉपवर एका बोटाने सुरू केले, आता चार बोटे चालतात. रविवारी ऋचाने फोटोशी ताडून पाहिले. तिला एरवी हरिपाठाला बसवा तर मान डुलते, पण वसुदेवाच्या बेड्यांपाशी ती चुका शोधायची विसरली.

मग नवेच विघ्न. यंत्रात आधीपासून फाइल उघडायचा जो वाचक होता (त्यालाही वाचकच म्हणतात!) तो मराठी जोडाक्षरे फोडून टाकी. भक्तांची अशी फाटाफूट मला बघवेना. ऋचाने फुकट मिळणारे दुसरे तीन उतरवून दिले. मी तिन्हींत पहिला अध्याय मोठ्याने वाचून पाहिला. एक पान उलटताना खोटी सळसळ करतो. दुसऱ्यात अक्षर पाच पायऱ्यांच्या पुढे वाढत नाही. तिसऱ्यात आपल्या आवडीचे अक्षर घालता येते, वाढतेही भरपूर आणि जोडाक्षरे सुखरूप राहतात. तोच ठेवला. मामंजींची चित्रांची फाइलही आत आहे, ती दर्शनाला.

लाल खणात गुंडाळून पाठवते आहे. उजव्या कडेला बोट टेकले की पान उलटते. एक दिवसाआड चार्जिंग करावे. बाकी नेम नेहमीचाच, रोज सहा पाने, बावीस दिवस, म्हणजे अष्टमीला बरोबर जन्माचा अध्याय येईल.

आशीर्वाद असावा, आणि यंत्राला पहिल्या दिवशी हळद-कुंकू वाहू नये, फटीत जाते.

आपली,
दमयंती


॥ श्रीराम ॥
देवरुख
१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दमयंतीस,
अ. उ. आ.

दमयंती, घात झाला. पहिले आठ दिवस मी हवेत होते. अक्षर जांभळाएवढे केले, एक शब्द अडला नाही. रोज मोजून सहा पाने वाचायची आणि पोथी मिटायची. वाचन लवकर संपे. मला वाटे, दिसते आहे म्हणून झपाट्याने होते. बायकांना वाटे, माझा आवाज थकतो म्हणून आटोपते घेते. कुणी बोलले नाही.

आज ठमाबाई उठताना म्हणाली की बाई, नागपंचमी होऊन गेली, देवकीच्या लग्नाचा रथ अजून मांडवातच उभा कसा? एरवी नागपंचमीला आकाशवाणी होऊन जाते. घरी येऊन पाहिले, दुसरा अध्यायही संपलेला नाही. या चालीने अष्टमीला देवकी तुरुंगातसुद्धा पोचायची नाही, मग कृष्ण जन्मणार कुठे? एकतीस वर्षांत असे झाले नाही. लगोलग कुजबूज सुरू आहे की यंत्राने पोथी बाटवली. पान गाळणे मला जमणार नाही, आणि डॉक्टरांनी एका बैठकीला वीस मिनिटेच सांगितली आहेत. जागा सोडून द्यावी असे पुन्हा वाटू लागले आहे.

तुझ्यावर राग नाही. उलट टपाली लिही.

आशालता


॥ श्री ॥
नवीन पनवेल
४ ऑगस्ट २०२५

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

चूक यंत्राची नाही, तुमचीही नाही, माझी आहे. सहा पाने म्हणून मीच लिहिले. ऋचाच्या मोबाइलवर तुमच्याएवढे अक्षर करून आता ताडून पाहिले. मामंजींच्या एका पानाची तिथे चार पाने होतात. ताट तेवढेच आणि घास मोठा, मग तोच भात चारदा वाढून घ्यावा लागतो. अक्षर आणखी वाढवले तर सहासुद्धा होतील. या पोथीत पान हे माप नव्हेच. ओवी मात्र फुगत नाही. ओवीचा आकडा धरून चालावे. रोज कुठल्या ओवीवर थांबायचे ते कॅलेंडरच्या वेगळ्या पानावर लिहून जोडले आहे. गुरुवारपासून नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा बसलात तर जन्म अष्टमीलाच येतो.

पण दोन बैठकींत वीस-वीस मिनिटे पुरणार नाहीत, हे कळते. म्हणून एक लिहिते, रागावू नये. हीच फाइल कुणाच्याही मोबाइलवर उघडते. तुमच्या शेजारच्या समृद्धीच्या मोबाइलवर मी पाठवून ठेवली आहे. तिने शेजारी बसून थोडे वाचले तर जागा जाते की राहते, हे तुम्ही ठरवा. मी वाचकाच्या जागेवर कधी बसले नाही, मला काय कळणार?

देवापुढे तुमच्या नावाने समई लावली आहे. माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
दमयंती


॥ श्रीराम ॥
देवरुख
१७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दमयंतीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र आले त्या संध्याकाळी मी समृद्धीला पाटाशेजारी पाट मांडून दिला. तुला म्हणून सांगते, जिवावर आले. पोर घाबरून पळत सुटल्यासारखी वाचत होती. मी तिच्या मांडीवर हाताने ठेका धरला, तशी चालीवर आली. माझी वीस मिनिटे झाली की ती, तिचा घसा बसला की मी. सकाळीही बायका जमू लागल्या. बाटवले म्हणणाऱ्या दोघी तिसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन आल्या आणि आम्हांलाही ती फाइल द्या म्हणाल्या.

अष्टमीला जन्माचा अध्याय मी एकटीने वाचला. अक्षर आणखी वाढवले, पानावर दोनच ओळी. सारखे बोट टेकायचे, आणि पान उलटेपर्यंत क्षणभर थांबायचे. त्या क्षणात ठमाबाई पुढचा शब्द म्हणून टाकी. मग दुसरी, मग सगळ्याच. बाई अंगठा उठवणारी, पण यंत्राच्या आधी तिच्या तोंडी पोथी. पाळणा वेळेवर हलला.

शेवटी रिवाजाप्रमाणे उतरून घेणाऱ्याचे नाव वाचले, बायकांनी अण्णांना नमस्कार केला. पुढे पडदा कोरा होता. मी थांबले नाही. वाचल्याच्याच सुरात म्हणाले की त्यावरून पनवेल मुक्कामी त्यांची सून दमयंती हिने उतरून घेतली. बायकांनी पुन्हा हात जोडले. समृद्धी मोबाइलमध्ये ती ओळ शोधत बसली आणि तिला मिळेना. तेव्हा ती घालून नवी फाइल पाठव. पोथीत नाही ते मी वाचले, हा दोष माझ्यावर नको.

सुंठवडा वेगळा पाठवला आहे. सुखी राहा.

आशालता


॥ श्री ॥
नवीन पनवेल
२२ ऑगस्ट २०२५

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचले आणि दळण तसेच ठेवून बसून राहिले. यांनी विचारले काय झाले. पत्रच पुढे केले.

ओळ घातली आहे. मामंजींचीच पुढे उचलली, नीट आहे ते त्यांचे, चुकले ते माझे. माझे नाव त्यांच्या नावाखाली मी अगदी बारीक अक्षरात टाकले होते. ऋचा हसली. म्हणाली की आई, या फाइलमध्ये असे लपता येत नाही. वाचणारा अक्षर वाढवतो तेव्हा सगळ्यांबरोबर तुमचेही वाढते.

तर ते आता तुमच्या बोटावर आहे. पुढच्या श्रावणातही असेच मोठे करून वाचावे, हीच विनंती.

आपली,
दमयंती