अण्णा समुद्रात, गोळ्या चिकलठाण्यात

बुध. ५ नोव्हें.
पुण्याहून संजूचा फोन. पुन्हा तेच. "ताई, तू मनापासून हो म्हण ना." मी हो म्हणून काय होणार, तिकिटं त्यानं दिवाळीतच काढलीत. अण्णांनी मोबाइलवर इंडोनेशियातल्या कुठल्या लाकडी बोटीचा व्हिडिओ पाहिला. जुन्या पद्धतीची, शिडांची, आत मात्र हॉटेलसारख्या एसी खोल्या. बेटाबेटांतून फिरवतात म्हणे. अण्णा म्हणाले, "संजू, हे एकदा बघायचं." झालं. लेक लगेच बापासाठी समुद्र बुक करून मोकळा.

अण्णांचं वय शहात्तर. सगळा जन्म औरंगपुऱ्यात दोरखंड-ताडपत्रीच्या दुकानात गेला. समुद्र पाहिलाय एकदाच, अलिबागला, तोही ओहोटीचा.

सहा वर्षांपूर्वी दुकानाच्या पायरीवर फिट आली, डोकं आपटलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळी. गोळी चुकली नाही, फिट परत आली नाही. ती माझ्यामुळं चुकली नाही हे इथं लिहून ठेवते, दुसरीकडं कुणी म्हणणार नाही.

डॉ. म्हणाले, जाऊ द्या, पण गोळी आणि झोप चुकवायची नाही. "पाण्याजवळ फिट आली तर मग कुणाच्या हातात काही नाही." हे वाक्य संजूला फोनवर दोनदा सांगितलं. "हो गं" म्हणाला. त्याच्या "हो गं"ला काही अर्थ नसतो.

गुरु. ६
संध्याकाळी अण्णा रिक्षानं आले, काखेत गाठोडं. शनिवारी पूर्वेला निघू नये, दिशाशूल. म्हणून आज चांगल्या दिवशी माझ्याकडं प्रस्थान ठेवायचं. म्हणजे प्रवास आजच सुरू झाला असं धरायचं, आणि शनिवारी विमानतळावर जाता जाता गाठोडं उचलायचं. आमचं चिकलठाण्याचं घर त्यांच्या पूर्वेला, वाटेवरच. सगळं बरोबर बसवलेलं.

"अण्णा, विमानाला कसलं आलंय शूल?"
"विमानाचं विमान बघंल. मी माझ्या रीतीनं चाललो."

आई होती तोवर हे सगळं ती बांधायची. आज अण्णांनी स्वतः बांधलं, उपरण्याच्या गाठी अगदी दुकानातल्यासारख्या. तांदूळ, सुपारी, हळकुंड, गुळाचा खडा. म्हणाले, "नुसत्या तांदळानं प्रस्थान व्हत नाय. वाटंत ज्याच्यावाचून अडतं ते ठेवावं लागतं." मला वाटलं चष्मा असेल जास्तीचा. फळीवर ठेवून दिलं. जाताना बजावलं, "कुणी हात लावू नका. बांधणाऱ्यानंच सोडायचं असतं."

गोळ्या भरल्या का विचारलं. "भरल्या." पुरे महिन्याच्या मीच आणून दिल्यात, निळ्या पाउचमध्ये.

शनि. ८
सकाळचं मुंबईचं विमान रद्द. संजू काल रात्रीच औरंगपुऱ्यात आला होता. त्यानं गाडी ठरवली आणि अण्णांना घेऊन समृद्धी महामार्गानं निघालासुद्धा. मी इकडं चहा-पोहे करून दारात उभी. वैजापूर ओलांडल्यावर फोन. "ताई, मागं फिरलो तर बालीचं विमान चुकतं. तांदूळच आहेत ना, राहू दे."

"अण्णा काय म्हणतायत?"
"झोपलेत."

ह्यांना चेष्टा सुचली, म्हणे प्रस्थान कुरियरनं पाठव. हसू आलं नाही. मी काही फार मानणारी नाही, पण मनाला लागलं ते लागलंच. पोहे सकाळी आम्हीच खाल्ले, संध्याकाळीही आम्हीच.

रवि. ९
पोहोचले. बालीहून छोट्या विमानानं लाबुआन बाजो नावाच्या बंदरात, तिथून बोटीत. संजूनं फोटो टाकले. बोट खरंच देखणी. तपकिरी लाकूड, लांबलचक पुढं आलेलं टोक, पांढऱ्या गाद्या, शहाळी. ह्या जातीच्या बोटीला तिकडं पिनिसी म्हणतात. अण्णा धोतर-सदऱ्यात, त्यावर भगवं लाइफ जॅकेट. सगळे समुद्राकडं बघतायत आणि हे मान वर करून दोर बघतायत.

"गोळी?" असं विचारलं. संजूचं उत्तर, "विचारलं. घेतली म्हणाले." मग "आता रेंज जाईल."

गेली.

सोम. १०
नीट लिहायला हवं.

ऑफिसातून आले तर फळीवर मुंग्यांची रांग, गुळाला. गाठोडं झटकायला उचललं. आत स्ट्रिपसारखं काहीतरी चुरचुरलं. तरी सोडायचं की नाही यात घटकाभर घालवली, बांधणाऱ्यानंच सोडायचं म्हणून. मग सोडलं.

निळं पाउच. सगळ्या गोळ्या. ज्याच्यावाचून अडतं ते.

शेवटची गोळी शनिवारी सकाळी, घरच्या डबीतली. पुढं काहीच नाही. आणि संजूला सांगितलं, घेतली.

संजूला मेसेज केले, एकच टिक. फोन लागत नाही. डॉ. बाहेरगावी, उद्या सकाळी भेटतील. बोटीच्या ऑफिसचा नंबर संजूच्या जुन्या मेसेजमध्ये सापडला. रिना नावाची मुलगी, माझ्यासारखंच इंग्रजी. कॅप्टनकडं सॅटेलाइट फोन आहे, निरोप देते म्हणाली. मी तीनदा म्हटलं, औषध, औषध, औषध.

ह्यांनी खिचडी टाकली. मला गिळवली नाही.

मंगळ. ११
डॉ. म्हणाले, "एकदम बंद केली की धोका जास्त. आज येईल, परवा येईल, कदाचित येणारही नाही. पण वाट बघत बसू नका. तिथल्या दुकानात मिळेल, मी नाव लिहून पाठवतो. त्यांना एकटं सोडू नका आणि पाण्यात उतरू देऊ नका."

दुपारी रिनाचा फोन. कॅप्टननं विचारलं. मुलगा म्हणतो, वडिलांकडं औषध आहे. वडील फार आनंदात आहेत, खलाशांना गाठी शिकवतायत.

औषध माझ्या मांडीवर आहे आणि ही मला सांगतेय वडिलांकडं औषध आहे.

क्षणभर वाटलं, दुसऱ्या घेतल्या असतील. औरंगपुऱ्यात अण्णांच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याला फोन केला. "नाय ताई, अण्णा आलेच नाय हिकडं. तुम्हीच नेल्या ना मागं." म्हणजे अण्णा खोटं बोलतायत. संजूला काय, बाप म्हणतो ते ब्रह्मवाक्य. राग कुणावर काढू कळेना. कुकरवर काढला.

बुध. १२
दुपारी रेंज आली, कुठल्याशा गावाजवळ थांबलेत. आधी व्हिडिओ आले एकामागून एक.

ते बघितले आणि राग कुठं गेला कळलं नाही. अण्णा डेकवर, दोन खलाशी समोर. दख्खनी हिंदीत चाललंय, "ऐसा नै रे, उल्टा फेरो, फिर खेंचो." त्यांना एक अक्षर कळत नाही आणि तिघं हसतायत. दुसऱ्यात शिडीनं वर चढतायत, कुणाचा हात न धरता. तिसऱ्यात संजूला आईची गोष्ट सांगतायत, लग्नानंतर पहिल्यांदा पिशोरच्या बाजाराला गेले तेव्हाची. आईच्या हिरव्या लुगड्याचे काठ कसे होते, तेसुद्धा. ही गोष्ट मी शेवटची कधी ऐकली? हल्ली विचारलं की म्हणायचे, "आठवत नाय माय."

आम्ही समजलो, वय झालं. जेवता जेवता डुलक्या, वाक्य अर्ध्यात सुटणं, टीव्हीसमोर नुसतं बसून राहणं. वय नव्हतं ते. ती गोळी होती, सकाळ-संध्याकाळ फोन करून मीच घ्यायला लावत होते.

फोन लावला. संजूला म्हटलं, अण्णांना दे आणि जरा लांब जा.

"अण्णा, गोळ्या माझ्याकडंयत."
"व्हय. मुंबईतच कळलं. विमानतळावर पिशवी चाचपली तर नाय."
"मग बोलला का नाहीत?"
"बोललो असतो तर संजूनं तिथूनच मागं आणलं असतं." मग जरा थांबून, "आन वंदे, दुसऱ्या दिवसापासून डोकं असं मोकळं झालं बघ. डोक्यावरलं घोंगडं कुणी तरी काढल्यावानी. सहा वरसं मी कुठं होतो गं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"संजूला सांगू नको. लई मजा चाललीय माझी. आलो की घेतो तुझ्या गोळ्या, सगळ्या घेतो."

मी म्हटलं, "अण्णा, संजूला फोन द्या."

सांगितलं. पलीकडं संजू "अगं पण ते घेतली म्हणाले" असंच म्हणत राहिला. डॉ.नी लिहिलेलं नाव रिनाला पाठवलं. तिनं बंदरावर गोळ्या मिळवल्या. पण वारा सुटलाय, छोट्या बोटींना आज बंदी. मोठी बोट मागं फिरवायची तर आणखी तीन जोडपी आहेत, त्यांनीही पैसे मोजलेत. मी म्हटलं, फिरवा. कॅप्टन म्हणाला, ह्या वाऱ्यात अंधारात निघणं त्याहून वाईट. सकाळी बंदी उठली की स्पीडबोटनं गोळ्या पाठवू, नाही उठली तर फिरवू.

म्हणजे आजची रात्र अशीच. संजू अण्णांच्या खोलीत दाराला पाठ लावून झोपणार आहे. अण्णा त्याच्याशी बोलत नाहीत. माझ्याशी तर प्रश्नच नाही.

बरोबर केलं मी. मग असं चोरी केल्यासारखं का वाटतंय?

गुरु. १३
सकाळपासून फोन उशाशी, हातात, ओट्यावर. ऑफिसात चुका. साहेबांनी विचारलं, बरं नाही का. वडील समुद्रात आहेत म्हटलं. त्यांनी हात जोडले. त्यांचा गैरसमज दूर करता करता माझंच रडू फुटलं.

अकराच्या सुमारास संजू. रात्र नीट गेली. बंदी उठली, स्पीडबोट येऊन गेली, गोळ्या मिळाल्या. "माझ्यासमोर दिली ताई. तोंडात टाकली, पाणी प्यायले."

"गिळली?"
"म्हणजे काय? आता बापाचं तोंड उघडून बघू का?"

उघडून बघ, असंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. संध्याकाळचीही दिली असं नंतर कळवलं.

डॉ.ना विचारलं, अण्णांचं ते मोकळं डोकं पुन्हा तसंच जड होणार का. म्हणाले, "ह्या गोळीनं सुस्ती येते. दोन-तीन डोसांत कळेल. परत आले की दुसरी गोळी देऊन बघू, काहींना मानवते." मग हे सहा वर्षांत का नाही सुचलं? "तुम्ही कधी सांगितलं नाही की ते सुस्त असतात." खरंय. मी दर महिन्याला एकच सांगत होते, गोळी चुकली नाही.

शुक्र. १४
अण्णांनी स्वतःहून फोन केला. मी गॅस बंद करून बाहेर ओट्यावर येऊन बसले.

परवाचं काही काढलं नाही. बेटाच्या डोंगरावर आपण निम्मं चढलो, संजूच मागं राहिला. खाली मगरीएवढ्या घोरपडी पाहिल्या. "आपल्या पिशोरच्या घोरपडी ह्यांच्यापुढं पाली गं." बोटीचा जाडा दोर काथ्याचा नाही, नायलॉनचाच निघाला, म्हणून वाईट वाटलं. उद्या पाण्यात उतरवणार आहेत, जॅकेट घालून, मासे बघायला.

"अण्णा, डॉक्टर पाण्यात नको म्हणालेत."
"गुडघ्याएवढंच पाणी हाय. संजू धरंल ना हात."
"गोळ्या घेताय ना?"
"तीन झाल्या. विचार संजूला."

संजूला विचारून काय कळणार? संजूनं तोंडात जाताना पाहिल्यात.

अण्णा बोलतच होते. शब्दावर शब्द, कुठं अडखळ नाही, मध्येच आईची नक्कल, मध्येच ह्यांना टोमणा. तीन गोळ्या पोटात गेलेला माणूस असा बोलत नाही. सहा वर्षं ऐकतेय, मला माहीत आहे.

कान तृप्त होत होते. अजून बोलावं, थांबूच नये, असं वाटत होतं. आणि उद्या ते पाण्यात उतरणार होते.