शाळा बघण्याचा कार्यक्रम

चिरंजीव भाऊ दयाराम यास खाजणपाड्याहून थोरली बहीण सखूबाई हिचे पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळी धडधाकट आहोत, माझे गुडघे सोडून. तुझी खोकल्याची उबळ कमी झाली का? भामाला म्हणावं, याला अडुळशाचा काढा दे आणि विडीचं बंडल चुलीत घाल. गणपतीत तू आला नाहीस ते मी समजून घेतलं. पनवेलमधल्या प्रत्येक आळीला तुझेच बांबू, तुझ्याच गॅसबत्त्या आणि तुझीच जाजमं भाड्याने लागतात, मग बहिणीकडे यायला सवड कुठून? मी रागावलेली नाही. (रागावले होते, पण ते मागच्या मंगळवारी संपलं.) हे पत्र नात जनी लिहिते आहे. मी सांगते, ती लिहिते, आणि मधेच पेन्सिल थांबवून "आजी, पत्रात असं लिहीत नाहीत" म्हणून मलाच शिकवते. चौथीत आहे.

तर मी आता पंचायतीत पंच आहे, हे तुझ्या कानावर आलं असेलच. पंचांत बायका पाहिजेत असा सरकारचा कायदा झाला, तेव्हा आमच्या बुधाजी सरपंचाने गावभर नजर फिरवली, आणि जिला वाचता येत नाही, ऐकू कमी येतं आणि सभेत डुलकी लागते अशी म्हणून मला निवडलं. यातली पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी मी सोयीप्रमाणे वापरते. वर्षभर बुधाजी कागद पुढे करायचा, मी आंगठा टेकवायची, मग चहा यायचा. सगळं सुखाचं चाललं होतं. मग यंदा उघाडीवरच्या, म्हणजे बांधाच्या पाणी सोडायच्या दारावरच्या, मासळीचा लिलाव भारी गेला, पंचायतीकडे कधी नव्हे ते पैसे आले, आणि सुख संपलं.

आमच्या गावातल्या शाळेच्या मास्तरांचं म्हणणं, हे पैसे शाळेच्या छपराला लावा. खरंच आहे. दुसरीच्या पोरांच्या डोक्यावर कौलंच नाहीत, पाऊस आला की दुसरी उठून चौथीत जाते. (परीक्षा न देता वर जाणारी तेवढीच पोरं.) बुधाजीने वेगळंच काढलं. तुमच्या बाजारामागे ती नवी खाजगी शाळा निघाली आहे ना, इंग्रजीवाली, तिच्या मोठ्या मास्तरांनी त्याच्या डोक्यात भरवलं की पंचायतीने प्रत्येक आईबापाला एकेक चिठ्ठी द्यावी. चिठ्ठी घेऊन आईबापाने पोराला हव्या त्या शाळेत घालावं, आणि शाळेने ती चिठ्ठी पंचायतीकडे आणून फीचे पैसे न्यावे. हवी ती शाळा म्हणजे कोणती, हे विचारायला नको. आमच्या शाळेला फीच नाही, तिला चिठ्ठी काय कामाची?

सभा देवळात झाली. भगवान पंच उठला आणि त्याने असं काही सांगितलं की मला रात्री जेवण गेलं नाही. म्हणाला, "मास्तर एक आन् वर्ग चार. येक वर्ग शिकतो तवा तीन बोंबलतात. माझा पोरगा हुशार हाय. दुसरा मास्तर येईस्तवर त्याचं वय थांबनार हाय का?" खोटं नव्हतं ते. पण माझंही होतं बोलायचं. मी म्हटलं, खाडीच्या बांधाला दर साली घरटी एक माणूस माती टाकायला जातो. ज्याचं शेत पार डोंगराकडे आहे तोसुद्धा टोपली घेऊन येतो. उद्या प्रत्येकाने आपापली टोपलीभर माती उचलून आपापल्या शेताला नेली, तर भरतीचं पाणी विचारून येणार आहे का, की कुणाचं शेत कुठलं? आणि होडीतून पनवेलला पोरं जातील, पोरी जाणार नाहीत. कुणी पाठवणारच नाही, मी तुम्हाला सगळ्यांना ओळखते. शाळेत अकरा पोरी आहेत. पोरं निघून गेली की अकरा पोरींसाठी जिल्ह्याचं शाळा बोर्ड मास्तर ठेवेल होय? माझी जनी त्या अकरातलीच.

मतं झाली तीन इकडे, तीन तिकडे. राहिला माझा आंगठा. बुधाजीने शाईची डबी माझ्यापुढे अशी सरकवली, जशी जावयापुढे बासुंदी. मी हात पदराखाली घेतला. म्हटलं, न बघता मी सून आणली नाही, न बघता शाळा कशी आणू?

झालं. आम्ही पाच जण शाळा बघायला गेलो. आणि भावा, माणसाला बघायला जायची एकच रीत ठाऊक असली की तो सगळीकडे तीच चालवतो. बुधाजी फेटा बांधून वरबापासारखा मधे बसला. पोहे आले. (खोबरं सढळ होतं, खोटं बोलणार नाही.) भगवानने मोठ्या मास्तरांना शाळेचं वय विचारलं, काही खोड आहे का विचारलं. एका पोराला आम्ही चालून दाखवायला लावलं, तो बिचारा दारापर्यंत जाऊन आला. मग त्याने इंग्रजीत काहीतरी म्हटलं, आम्हा कुणालाही त्यातलं अक्षर कळलं नाही, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. भगवानच्या डोळ्यांत तर पाणी आलं. मी मात्र बसल्या जागी दचकले होते. माझ्या मांडीखाली जाजमाला भोक होतं. हात लावून पाहिलं, तर चिंबोरीएवढं, आणि चिंबोरीच्या नांग्यांसारखेच दोन आकडे पुढे आलेले. दयाराम, मला अक्षर कळत नाही पण ते भोक मी अंधारातही ओळखीन. आपल्या मालूच्या लग्नात तुझ्या माणसाने बांधलेली गॅसबत्ती पडून ते पडलं, आणि सख्ख्या भाचीच्या लग्नात तू त्याची भरपाई माझ्याकडून घेतलीस. म्हणजे जाजम तुझं असलं तरी भोक माझं आहे. मग बाकांकडे पाहिलं, तर तीही तुझीच, हळदीच्या डागांसकट. जाजमाचा कोपरा उचलला, तर खाली सारवलेली जमीन, आमच्या शाळेसारखीच. फक्त पोपडे जास्त.

तिथे मी बोलले नाही. बघायला गेलं की उसनं काय ते दिसलं तरी बोलायचं नसतं. मला बघायला आले तेव्हा आईने शेजारच्या हौसाची नथ माझ्या नाकात घातली होती, आणि तुझे भावजी वारले तरी त्यांना ते कळलं नाही. पण परतीच्या होडीत मला राहवेना. भोकाची गोष्ट सांगितली. बुधाजीने फेटा उतरवून मांडीवर ठेवला. भगवान मात्र म्हणाला, "काकी, जाजम भाड्याचं आसंल. आपल्याकडं येक, तितं मास्तर सा हायेत ना? ते तर भाड्याचे नाय?" आणि वर विचारलं, गेल्या साली आमच्या शाळेत शाळाखात्याचे दिपोटी साहेब तपासणीला आले तेव्हा गुराखी पोरांना टोप्या घालून पटावर कुणी बसवलं होतं? (टोप्या मी शिवल्या होत्या. तो ते विसरला असेल असं वाटलं होतं.) 

आंगठा माझ्याच हातात होता, पण भगवानचं दुसऱ्या मास्तराचं म्हणणं मला मोडवेना, म्हणून शेवटी ठरलं ते असं. येत्या गुरुवारी दिपोटी साहेब पुन्हा येणार आहेत. त्यांनी शाळा चांगली म्हणून दुसरा मास्तर द्यायचं लिहिलं, तर भगवान आमच्या बाजूला आणि पैसे छपराला. नाही लिहिलं, तर मी चिठ्ठ्यांच्या ठरावाला मुकाट आंगठा लावायचा. तसा शब्द दिला आहे. शाळा खरीखुरी असावी, उसना थाट करून लोकांना फसवू नये, हे मी बुधाजीला चांगलं दोन तास समजावलं. तुलाही सांगते, असल्या दिखाव्याला सामान भाड्याने देत जाऊ नकोस, शोभत नाही. भामाला आणि पोरांना आशीर्वाद.

ता. क. बुधवारी संध्याकाळच्या भरतीला ते जाजम आणि सहा बाकं होडीत घालून पाठव. भाडं मागू नकोस. भोक भिंतीकडे येईल असं अंथरू. तुझे दोन नातूही पाठवलेस तर पट भरलेला दिसेल, टोप्या आहेत.

दुसरा ता. क. वरचं लिहून झाल्यावर जनीने पेन्सिल खाली ठेवली. म्हणते, आजी, तू त्यांना हसलीस आणि तेच करतेस. दिपोटींनी विचारलं जाजम कुणाचं, तर मी दयारामआजोबांचं म्हणून सांगणार. मी तिला रागावले, गूळ देऊ केला, पुन्हा रागावले. ऐकत नाही. एवढं तोंड वर करून खरं बोलायला हिला आमच्या पडक्या शाळेत शिकवलं असेल, तर दिपोटीला दाखवायला दुसरं काय पाहिजे? तेव्हा जाजम राहू दे, बाकं राहू देत, नातू तुझ्याकडेच बरे. त्याऐवजी एक मोठी ताडपत्री पाठव. दुसरीच्या डोक्यावर घालू, आणि साहेबांनी विचारलं तर आमच्या भावाने दिली म्हणून सांगू. कौलं येईपर्यंत परत मागू नकोस.

तिसरा ता. क. ताडपत्री निवडताना उजेडाकडे धरून बघ. या घरात भोकं ओळखणारी आता दोघी आहोत.