श्रीनिवासच्या वाट्याची भाकर

मंगळवार, २ सप्टेंबर

श्रीनिवासला रविवारी उपासनेत प्रभुभोजन मिळणार, येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस. मी देणार! नवे पाळक येईपर्यंत आमच्या चर्चची मंडळी माझ्याकडे सोपवली आहे ना — मग झालं.

पुरुषोत्तमकाकांचा लांबलचक फोन. "तिकडे गावात जमाव आला तेव्हा हा सगळ्यांसमोर म्हणाला, मी ख्रिस्ती नाही. त्याच जमावानं माझ्या धाकट्या भावाचा हात मोडला. तरी भावानं तसं म्हटलं नाही. आणि हा इथे नॉटिंगहॅमला वृद्धांच्या केअर होममध्ये नोकरीला लागला की लगेच भाकरीला हात पुढे?"

"त्याच्या घराला काडी लावायला निघाले होते, काका. मुलं आत होती."

"माझ्या भावालाही मुलं आहेत, अनुराधा."

फोन ठेवला. पण माघार नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

प्रवचन लिहून संपवलं. वृत्तपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेलं, वेळेत लिहिणं तेवढं जमतं. विषय उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज. तिसरं शतक. रोमन बादशहाचा हुकूम — देवांना धूप जाळा, नाहीतर तुरुंग. पुष्कळांनी जाळला. बिशप सिप्रियन लपून राहिला, पत्रं पाठवून मंडळी सांभाळली. छळ ओसरल्यावर धूप जाळलेले रडत दाराशी आले. तो म्हणाला, पश्चात्ताप करा, दार बंद नाही. मात्र परत घ्यायचं ते सगळ्या मंडळीनं मिळून, कुणा एकट्यानं नाही.

सगळ्या मंडळीनं! त्याच्या मंडळीत पुरुषोत्तमकाका नव्हते.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

काका वेगळी उपासना घेणार. स्वतःच्या घरी, आमच्याच वेळेला. निम्मे लोक तिकडे.

मंडळीतली नीना म्हणाली, "अगं, चार टॅक्सीत मावेल एवढी आपली मंडळी. तिचेही दोन भाग?"

हसू आलं. मग नाही आलं.

जाऊ देत. एक माणूस उरला तरी प्रभुभोजनाचं मेज मांडीन.

शनिवार, ६ सप्टेंबर

भाकरीसाठी पाव, द्राक्षरस आणला. मेजाच्या कापडाला इस्त्री केली.

रविवार, ७ सप्टेंबर

हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्याच जास्त. प्रवचन ठणकावून केलं. भाकर मोडली, पहिला तुकडा श्रीनिवासपुढे धरला. त्यानं हात पुढे केलाच नाही.

"घे. मी देतेय ना!"

"तेच ना, ताई. तुम्ही देताय. मी ख्रिस्ती नाही म्हटलं, ते तुम्हाला एकटीला नाकारलं नाही. सगळ्यांना नाकारलं. काकांच्या भावालासुद्धा. मग एकट्या तुमच्या हातून कशी घेऊ?"

जॅकेट घालून निघाला.

"कुठे?"

"काकांकडे. बाहेर उभा राहतो."

मेज झाकलं. आम्ही सगळेच त्याच्यामागून बसस्टॉपवर.

सोमवार, ८ सप्टेंबर

काकांनी काल दार उघडलं नाही. आत गीत चालू होतं. पायरीवर उभं राहून आम्हीही तेच म्हटलं — मोठ्यानं!