मिशीवाली मावशी

आप्पा, परवा शिराळ्याच्या जत्रेत मी मावशी केली. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची म्होरकी, वाट अडवणाऱ्या कृष्णाशी भांडणारी. तमाशात ती बाप्यानंच करायची, हा तुमचा कायदा. लहानपणी मी हट्ट धरला तर म्हणालात, "बाई तर बाईच हाय. तिला बघून कोन हसंल? तू नाच." नाचले. गुडघे बोलायला लागेपर्यंत नाचले. मग फडमालकाला म्हटलं, मावशी द्या. तो म्हणाला, "एक खेळ बघतो. मानसं न्हाई हसली तर दुसरा गडी आनतो, तू घरला जा."

अजून डोळ्यांसमोर दिसतं, माधवनगरच्या मैदानात तुम्ही मिशीसकट लुगडं नेसून उभे राहता, तोंड उघडायच्या आधीच गिरणीचे कामगार हसायला लागतात. सगळा मुलूख तुमच्यावर जीव टाकायचा, खोटं कशाला बोलू? पण मला आपली चूलही दिसते. पिठाचे हात तसेच ठेवून मनगटानं पदर सारणारी आई, आणि पाटावर बसून तिच्याकडे टक लावून बघणारे तुम्ही. दुसऱ्या दिवशी तेच मनगट फडावर. एकदा ती म्हणाली होती, "आवं, माझं हातवारं इकून खातासा व्हय?" तुम्ही म्हणालात, "लोकास्नी काय कळतंय, कुनाचं ते." त्यानंतर ती तुमच्या खेळाला आली नाही.

ती मावशी तुमची नव्हतीच, आप्पा. आईची होती, तुम्ही तिला मिशी लावलीत. परवा सगळे सांगत होते, मिशी लाव. नाही लावली. मनगटानं पदर सारला आणि आई तुम्हाला सुनवायची तेच कृष्णाला सुनावलं, "सर बाजूला. तुजं कौतिक बघत बसले तर दूध कोन इकंल?" आधी सगळं गप्प. मग कडेला ट्रॉलीत बसलेल्या बाया हसल्या, त्यांच्या मागून बापे. फडमालकानं दुसरा गडी आणलेला नाही. आता आणून दाखवावाच.

हे पत्र कुठं टाकायचं, वर गेलेल्या माणसाचा पत्ता कुणाला ठाऊक! ट्रंकेत तुमच्या लुगड्याखाली ठेवते. एकच सांगायचं राहिलं. खेळ सुटल्यावर एक म्हातारी माझी हनुवटी धरून म्हणाली, "हुबेहूब बापावर गेलीस गं." आईवर, असं म्हणायचं ओठावर आलं होतं. पण तोंडातून "व्हय" गेलं, आणि मला बरं वाटलं.