रहिमतुल्लाचाचांचा होकार

११ ऑगस्ट, सोमवार

आज बोललो! रहिमतुल्लाचाचांशी, इथे बहरीनच्या मरीनावर, यॉट लागतात तिथे, भर उन्हात. ते दोरांच्या गाठी तपासत होते. चाळीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस. त्यांचे आजोबा श्रीवर्धनला गलबतावर तांडेल होते, हे आमच्या मालकांच्या यॉटचे कप्तान. आणि अदीबाचे अब्बा. मी त्यांच्या हाताखाली डेक धुतो, दोर ओढतो, पाहुण्यांना ज्यूस देतो.

म्हटलं, "चाचा, अदीबासाठी बाबांना तुमच्या घरी पाठवू का?"

हातातली गाठ सोडली नाही त्यांनी. "कॉलेज किती झालं?"

"तीन सेमिस्टर."

"का सोडलं?"

"सरांशी वाद झाला."

"आणि गेल्या महिन्यात जुफैरला, टॅक्सीवाल्याशी?"

"चूक त्याची होती, चाचा."

"तुझ्या बाबतीत चूक नेहमी दुसऱ्याचीच होते. नशीबवान आहेस." मग गाठ करकचून ओढली. "सप्टेंबरात मालकांचे पाहुणे घेऊन उत्तरेला जायचंय. बर्फात. एक माणूस कमी आहे. चल माझ्याबरोबर. एकदाही आवाज चढवायचा नाही. मग बघू."

मग बघू म्हणजे होच की! नाही म्हणायचं असतं तर तिथेच दोर फेकून मारला असता.

१२ ऑगस्ट, मंगळवार

नुसरतला सांगितलं. बहीण म्हणून खूश व्हायचं सोडून विचारते, "भाई, बट डज शी नो?"

म्हटलं, सांगायचं काय त्यात? कळतं.

"हाऊ?"

आता हिला काय सांगू. अदीबा क्लिनिकच्या लॅबमधून सुटली की अब्बांचा डबा घेऊन मरीनावर येते. परवा मला म्हणाली, "मान भाजलीय तुझी. क्रीम लाव काहीतरी." लॅबमध्ये दिवसभर पन्नास माणसं बघणारी मुलगी उगाच कुणाच्या मानेकडे बघेल का?

नुसरतनं हेडफोन लावले. "यू आर सो मॅड."

२० ऑगस्ट, बुधवार

व्हिसा आला! पासपोर्टवर नॉर्वेचा शिक्का. बाबांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. "इंजिनीअर होऊन गेला असतास तर," एवढंच म्हणाले आणि गोदामाच्या शिफ्टला गेले. मी काही बोललो नाही. सराव चालू केलाय.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

एअरपोर्टवर अदीबा आली होती, अब्बांना सोडायला. माझ्या हातात पिशवी दिली. लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड. "एक अब्बांचा, एक तुझा. त्यांची शुगरची गोळी सकाळी, खाण्याआधी. ते घेतली म्हणतील, तू पाकीट बघ. आणि थंडीत त्यांचा गुडघा धरतो, जिन्यावर पुढे तू रहा."

एवढा वेळ ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. तेव्हाच बोलणार होतो, पण चाचांनी हाक मारली. असू दे. आल्यावर. तेव्हा हातात होकार असेल, मग बोलण्यात मजा.

२ सप्टेंबर, मंगळवार

स्वालबार्ड, नॉर्वेची उत्तर टोकाची बेटं. नकाशात याच्या वर फार काही उरत नाही. यॉट इथल्याच एका कंपनीची, भाड्याची. पोलादी, दोन डोलकाठ्यांची, आमच्या पांढऱ्याशुभ्र बोटीपुढे पैलवान वाटते. पाहुणे सहा, सगळे मालकांच्या ओळखीचे. स्वतः मालकही आहेत. चाचा, मी, स्वयंपाकाला साताऱ्याचा कैलासदादा, आणि नॉर्वेचा एक वाटाड्या. तो अस्वलासाठी बंदूक बाळगतो आणि दिवसातून चार शब्द बोलतो.

कैलासदादा तीन स्वेटर घालून चहा करतोय. "आर्सलान, मी बहरीनला आलो तेव्हा आई म्हणली होती, लई ऊन असतंय तिकडं, जपून. तिला आता फोटो पाठवलाय."

मला थंडी वाजत नाही. खरंच. पायात मोजे आहेत.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज पहिल्यांदा बर्फातून गेलो! आधी एकेक तुकडा, मग पाण्यावर सगळीकडे. दुधात ब्रेड कुस्करून टाकलाय असं दिसत होतं. आणि आवाज करतो बर्फ. बारीक तडतड, तव्यावर मोहरी टाकल्यासारखी. आत अडकलेली हवा सुटते म्हणे.

चाचांनी तासभर सुकाणू माझ्या हाती दिलं. स्वतः मागे उभे. "मोठ्याला घाबरू नको, तो दिसतो. काळ्या पाण्यात पारदर्शक काचेसारखा बारका तुकडा असतो, त्याला घाबर." दोन मी आधी पाहिले. तिसरा त्यांनी. नंतर माझ्यासाठी चहा घेऊन आले. कप्तान! चहा घेऊन!

पाहुण्यांनी जाळीनं हिमनगाचा तुकडा उचलला आणि ज्यूसमध्ये टाकला. एक काका म्हणतात, "हजारो वर्षांचा बर्फ." कैलासदादा माझ्या कानात, "मग एक्सपायरी बघायला नको?"

आवाज एकदाही चढवलेला नाही. वाटाड्यानं माझा मग वापरला तरीसुद्धा.

६ सप्टेंबर, शनिवार

काय लिहू. लिहितोच.

सकाळी साडेपाचला उठलो. पाहुणे झोपलेले. डेकवर पांढरा थर, मीठ साचावं तसा. बहरीनला रोज हेच असतं, धूळ आणि मीठ. पाहुणे उठायच्या आत गोड्या पाण्यानं डेक धुवायचा, ब्रश मारायचा. तीन वर्षं एक दिवस चुकवलेला नाही. हात आपोआप बादलीकडे गेले. थर खरवडून निघेना, म्हणून कैलासदादाच्या चुलीवरून गरम पाणी घेतलं. चार बादल्या. छान चकचकीत झाला डेक. वाटलं, चाचा बघतील.

मग खाली जाऊन त्यांचं गोळ्यांचं पाकीट तपासलं, फिल्टरचं पाणी भरलं. वीस मिनिटं गेली असतील. वर धप्प आवाज.

चाचा आडवे. उजवा हात खाली आलेला. सगळा डेक काचेचा झालेला. उणे पाच आणि मी गोडं पाणी ओतून आलो होतो.

वाटाड्यानं हाताला दोन फळ्या बांधल्या. मनगट मोडलंय, निघालो त्या गावात हॉस्पिटल आहे, पोहोचायला दोन दिवस लागतील. सहल अर्ध्यात संपली. मालक संतापले. वाटाड्या म्हणाला, स्वयंपाकघराचं पाणी डेकवर सांडायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी कुकला सांगितलं होतं. खरंच सांगितलं होतं, फक्त त्याला. मी तेव्हा धक्क्यावर पाहुण्यांच्या बॅगा उचलत होतो. झालं! मालक कैलासदादावर तुटून पडले. पाहुण्यांसमोर. "बहरीनला उतरलास की व्हिसा कॅन्सल. खलास."

कैलासदादा म्हणाला, "साहेब, मी नाही टाकलं." दोनदा म्हणाला.

मी गप्प राहिलो. मनाशी म्हटलं, आता बोललो तर आवाज चढेल, आणि चाचांना शब्द दिलाय. तेव्हा ते मलाही पटलं होतं.

६ सप्टेंबर, नंतर

पटलं वगैरे काही नव्हतं. अदीबा हातची जाईल म्हणून गप्प बसलो. इथे तरी खरं लिहावं.

७ सप्टेंबर, रविवार

कैलासदादानं सकाळी माझ्या ताटात जास्तीचं आम्लेट वाढलं. "खा रे. तुला सुकाणू धरायचंय आज." त्याची मुलगी बारावीत आहे, कराडला हॉस्टेलवर. सगळं मला माहीत आहे, रोज सांगतो.

आम्लेट संपवलं नाही. मालक, पाहुणे, चाचा, सगळे खालच्या टेबलाशी बसले होते. उभा राहिलो आणि म्हटलं, "डेक मी धुतला. पाणी मी घेतलं. कैलासदादाचा संबंध नाही." आवाज नेहमीपेक्षाही खाली होता. नीट ऐकू गेलं नाही म्हणून मालकांनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हटलं.

मालक: "तूही मग बॅग भर." चाचांकडे बघितलं नाही मी.

बाहेर आलो तर कैलासदादा म्हणतो, "काल सांगितलं असतंस तर माझी एक झोप वाचली असती." बस. एवढंच.

मग चाचांनी वर बोलावलं. मोडका हात गळ्यात बांधलेला. सुकाणूकडे मान केली. "धर."

"चाचा, मी—"

"बोलायचं नंतर. वारा फिरलाय, बर्फ आत ढकलतोय. संध्याकाळपर्यंत या खाडीचं तोंड बंद होईल, आपण आतच अडकू."

सहा तास! वाटाड्या पुढच्या टोकावर लांब बांबू घेऊन, चाचा माझ्या मागे. "हळू. डावीकडे. अजून. आता मशीन न्यूट्रल, तुकडा खाली पंख्याजवळ आहे. जाऊ दे. यल्ला, पुढे." दोनदा पोलादावर बर्फ घासला, दात शिवशिवले. पाहुणे खाली लाइफजॅकेट घालून बसलेले. मला मात्र आत कुठेतरी माहीत होतं की जमेल. कुणाला सांगून पटणार नाही, पण पहिल्या तासानंतर चाचा काय म्हणणार ते मला आधीच कळत होतं. पाचव्या तासाला त्यांनी सांगणंच बंद केलं.

बाहेर पडलो. मोकळं पाणी. काळं, सपाट, सुंदर!

तेव्हा बोलले. "मी पडलो तेव्हा गाल डेकला टेकला होता माझा. बर्फात ब्रशचे फराटे गोठले होते. कडेकडेनं अर्धगोल, एकावर एक. कैलास काय असं पाणी टाकतो? असा डेक धुणारा आख्ख्या मरीनात एकच आहे."

"मग काल बोलला का नाहीत?"

"तू बोलतोस का बघत होतो. एक दिवस उशीर केलास."

१४ सप्टेंबर, रविवार

बहरीन. एअरपोर्टचं दार उघडलं आणि गरम हवा तोंडावर आली, रडूच येणार होतं. चाचा मालकांशी बोललेत. कैलासदादाचा व्हिसा जागच्या जागी. माझाही, महिनाभराचा पगार कापून. मंजूर.

अदीबा अब्बांचा प्लास्टरचा हात बघत होती. "कसं झालं?" चाचा म्हणाले, "पाय घसरला." ती माझ्याकडे वळली. "गोळ्या?" म्हटलं, "रोज. पाकीट बघून." मान हलवली तिनं. ही मान हलवणं मी आठवडाभर पुरवणार!

डेकचं तिला मी सांगेन. नंतर, निवांत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

होकार!!

जुम्म्याच्या नमाजनंतर बाबा, अम्मी आणि मी आमच्या सनद भागातल्या घरून ईसा टाउनला, चाचांच्या घरी. अम्मीनं शिरखुर्मा नेला होता. बाबा बिचारे गोदामाची चौकशी असल्यासारखे ताठ बसले. चाचा डाव्या हातानं चहा पीत म्हणाले, "सिराजभाई, तुमच्या मुलाला कॉलेज जमलं नाही. डोकं गरम आहे. पण चूक केली तर सांगतो, आणि बर्फात हात थरथरत नाहीत. माझ्याकडून हो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. असं त्यांनी शेवटचं बघितलं होतं ते माझ्या दहावीच्या निकालाला.

अदीबा ड्युटीवर होती. बरंच झालं, मोठ्यांचं बोलणं निवांत झालं. मरीनावर गेल्यावर कैलासदादा म्हणाला, "लग्नाच्या दिवशी अंगणात पाणी मारू नको म्हणजे झालं."

पुढच्या वर्षी पुन्हा उत्तरेला. तिला घेऊन. बर्फाची तडतड ऐकवायचीय.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी सात वाजता अदीबाचा मेसेज. तिचा मला आलेला पहिलाच.

"अब्बांनी हो म्हटलं असं काल रात्री कळलं. त्यांनी तुला इतके दिवस पारखलं, तू त्यांना विचारलंस, तुझ्या बाबांनी विचारलं. मला कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, माहीत आहे तुला?"

नाही. माहीत नाही.